साडेतीन सुऱ्या

आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, आणि जळगावला पिंप्राळ्यात माझ्या काचेच्या कपाटात सुऱ्याही साडेतीन.

आधी पूर्ण चार होत्या. अर्धी कुठे गेली तेच सांगायला बसले आहे. पण चार आल्या कुठून ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी भरिताच्या वांग्यांना टोचे मारायच्या सुऱ्यांचं कौतुक सांगते आहे. तशा नाहीत त्या. माझ्या सुऱ्या इनुइट लोकांच्या आहेत. पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला, जिथे वर्षातले आठ-नऊ महिने बर्फ असतं, तिथली ही माणसं. (आमच्याकडे तेवढेच महिने ऊन असतं, म्हणजे देवाने वाटणी बरोबर केली आहे.) माझा मुलगा निखिल कॅनडात असतो. एकदा कामासाठी तो लांब उत्तरेला गेला आणि तिथल्या एका म्हातारीकडून माझ्यासाठी जुनी सुरी घेऊन आला. वीतभर लांब. पातं जुन्या करवतीचं घासून केलेलं. मूठ कॅरिबू नावाच्या हरणाच्या शिंगाची, वर पक्षी कोरलेला, आणि म्यानसुद्धा शिंगाचंच!

"आई, ही भाजी चिरायला नाही हं," निखिल म्हणाला.

"मग कशाला?"

"नुसती बघायला."

नुसती बघायला! चाळीस वर्षांच्या संसारात मी एकही वस्तू नुसती बघायला ठेवली नव्हती. नवरासुद्धा कामाला लावलेला. पण बघायला बसले आणि बघतच राहिले. मग निखिल दर खेपेला एकेक आणत गेला. दुसरीच्या मुठीवर अस्वल होतं, चौथीवर होडीतला माणूस. आणि तिसरी, काय सांगू, तिसरी म्हणजे माझा जीव! तिच्यात एक अख्खा सील कोरला होता, तो समुद्रातला मिशीवाला गुबगुबीत प्राणी. मुठीवर त्याची शेपटी, म्यानावर त्याचं डोकं. सुरी म्यानात गेली की सील पूर्ण व्हायचा आणि आताच जेवून पडल्यासारखा हसायचा.

आता खोटं कशाला बोलू, मला हे वेड लागलं ते मे महिन्यामुळे. जळगावचा मे ज्याने काढला त्याला नरकाची भीती घालता येत नाही. दुपारी आमच्या कॉलनीत कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही. अशा दुपारी मी कूलरसमोर चटई टाकते, आडवी होते आणि ती शिंगाची मूठ गालाला लावते. गार असते हो! निदान मला तरी लागते. मग कूलरचा आवाज लांब लांब जातो, डोळ्यांपुढचं ऊन पांढरं होत जातं, आणि बर्फ पडायला लागतं. मी खरं बर्फ कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे माझ्या स्वप्नात धरणगावच्या जिनिंग कारखान्यातला कापूस पडतो. भुरुभुरु, आवाज न करता. त्या कापसातून केसाळ कोट घातलेली एक म्हातारी चालत येते. चपटं नाक, बारीक डोळे, गालांवर हजार सुरकुत्या.

"उनी का अक्का?" ती विचारते, म्हणजे आलीस का.

"उनी ना माय."

"तठे ऊन शे का?"

"बठ्ठं ऊनच शे!"

"मंग बस आठे."

(ती अहिराणी, आमची खानदेशी बोली, कुठे शिकली हे मी कधी विचारलं नाही. स्वप्नात आलेल्या माणसाची कोणी चौकशी करतं का?) मी तिच्याशेजारी बसते. ती सुरीने बर्फाच्या विटा कापते, जशा आपण गुळपापडीच्या वड्या पाडतो. कापूस पडत राहतो. इतकं शांत मला उभ्या आयुष्यात, जागेपणी, कधी वाटलेलं नाही.

"कुठे जाऊन आलीस?" मी उठले की आमचे हे विचारतात.

"बर्फात."

"मग येताना थोडं घेऊन यायचं. माठात टाकलं असतं."

असा आमचा संसार.

तर मागच्या मे महिन्यात माझ्या भाच्याचं, योगेशचं लग्न ठरलं. धरणगावला माझं माहेर, तिथे भाऊची कापसाची शेती, आणि योगेश हा भाऊचा एकुलता एक. नवरी भडगावची, गिरणाकाठची. आता हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी द्यायची, टोकाला लिंबू खोचायचं आणि लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची नाही, हे तर सगळीकडेच असतं. आमच्या घराण्यात त्याला दोन कलमं जास्तीची आहेत. एक, ती सुरी आत्याने आणायची. दोन, हळदीच्या हाताने एकदा धरली की ती बदलायची नाही, आणि लग्नानंतर तिचं काय करायचं ते नवरीकडचे ठरवतील. सुरी बदलली तर संसार फिसकटतो म्हणतात. (आमच्या एका चुलत्यांची बदलली होती. ते मरेपर्यंत प्रत्येक भांडणाचं खापर त्या सुरीवर फोडत होते.)

म्हणजे अख्ख्या लग्नात मला एकच काम होतं. मी आठ दिवस आधी बाजारातून चांगली सुरी आणली. पोपटी प्लास्टिकची मूठ, धार लखलखीत. लाल कापडही आणलं, तिला गुंडाळायला.

निघायच्या दिवशी दुपारी चारची रिक्षा सांगितली होती. जेवण झालं, सामान भरून झालं, तासभर हाताशी होता. म्हटलं, शिंगं उन्हाने तडकतात, जाण्याआधी माझ्या सुऱ्यांना खोबरेल लावून ठेवू. चटईवर वर्तमानपत्र पसरलं, चारही सुऱ्या म्यानातून काढल्या, लग्नाची पोपटीही शेजारी ठेवली. सीलच्या शेपटीला तेल चोळलं. मग ती जरा गालाला लावून पाहिली. एवढंच केलं. शपथ घेऊन सांगते, एवढंच!

कापूस पडायला लागला. म्हातारी आली. म्हणाली, "जेवनी का अक्का?" मी उत्तर देणार एवढ्यात तिच्या मागून बर्फातून एक रिक्षा हॉर्न वाजवत आली.

"अगं, ए!" आमचे हे ओरडत होते. "रिक्षावाला दहा मिनिटं थांबलाय! तू कोणत्या देशात आहेस?"

मी अर्धी इथे, अर्धी तिथे. भराभर सुऱ्या म्यानात सारल्या, एक लाल कापडात गुंडाळली, गाठ मारली आणि पळाले. चार म्यानं, पाच सुऱ्या. एक उरायची ती उरली. मी बघितलं का? नाही बघितलं. बर्फाच्या उजेडाने डोळे दिपलेले होते ना माझे!

धरणगावला पोचल्यावर लाल पुडकं वहिनीच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात शिरले. खापरावर मांडे चालले होते, तिथून कोणाला हलवतं? बाहेर हळदीची गाणी, डफडं, आरडाओरडा. तासाभराने वहिनीच धावत आत आली.

"अक्का, कितली भारी सुरी आणी वो! बठ्ठ्या बाया पाही राह्यन्यात!"

मला बरं वाटलं. पण मनात आलं, पोपटी प्लास्टिकची सुरी बघायला बाया का जमतील? पदराला हात पुसत बाहेर आले.

पाटावर योगेश बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. त्याच्या मुठीत माझा सील! शेपटीवरून हळद ओघळते आहे, आणि पात्याच्या टोकाला हे एवढं रसरशीत कागदी लिंबू!

मी किंचाळले. बायांना वाटलं आनंदाने. त्याही किंचाळल्या.

"योग्या, ठेव ती खाली!"

"आत्या, खाली कशी ठेवू? हळदीचा हात लागला ना!"

भाऊने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे केलेला हात मागे घेतला. मी बदल म्हणाले असते आणि पुढे त्या पोरांचं एकदा जरी वाजलं असतं, तरी जन्मभर आत्याच्या नावाने खडे फोडले असते. तेव्हा आता एकच मार्ग उरला. उद्या दुपारी लग्न लागेपर्यंत सुरी धड ठेवायची आणि अक्षता पडल्या की नवरीकडच्यांच्या हाती लागायच्या आत ती घेऊन पिंप्राळ्याला पळायचं. सील माझ्यासोबत घरी आला पाहिजे, बाकी जग बुडालं तरी चालेल!

लोखंडाला लिंबू म्हणजे वैरी. मी तासातासाला खोबरेलाची बाटली घेऊन योगेशकडे जायची, लिंबाचा रस पुसायची आणि पात्याला तेलाचं बोट फिरवायची. तिसऱ्या वेळी वहिनी शेजारी येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन.

"अक्का, हाई कितला येळा लावनं पडस?"

काय सांगणार? म्हटलं, "पाच."

"आनी मी लावू का?"

मग तिने लावलं. मग मामीने, मावशीने, शेजारणीने. ओळ लागली! कोणीतरी तेलाबरोबर नारळ फोडला. योगेशचा हात कोपरापर्यंत तेलकट झाला आणि सुरी साबणाच्या वडीसारखी निसटायला लागली. मी वाचवायला गेले होते!

सकाळपासून तर त्या पोराने ताळतंत्रच सोडलं. हळदीने अंग खाजतं म्हणून सीलच्या शेपटीने पाठ खाजवली. आंब्याला चीर पाडली. थंड पेयाची बाटली उघडायला निघाला तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली. तो जाईल तिथे मी. केस कापायला बसला, मी समोर. न्हाणीघरात गेला, मी दाराबाहेर.

"योग्या, सुरी कोरडी ठेव रे!"

"आत्या, तू जरा पलीकडे जा ना!"

आणि बाया एकमेकींना सांगत होत्या, "दखा, आत्यानी माया कशी ऱ्हास!"

भडगावला पोचलो. मंडपापर्यंत वरात निघाली, भर बाराच्या उन्हात. योगेश घोड्यावर, मी घोड्याच्या कडेला, नजर सुरीवर. तेवढ्यात बँडच्या पुढे नाचणारी पोरं आडवी आली. सुरी दिसेना! मी उंच होण्यासाठी एक उडी मारली. मग दुसरी. मग हात वर करून पोरांना बाजूला सारायला लागले. बँडवाल्याला वाटलं, म्हातारीला चाल आवडली. त्याने वेग वाढवला. सगळ्यांनी माझ्याभोवती रिंगण केलं. (कोणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आजही फिरतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनीसुद्धा पाहिला.) उन्हाने डोकं भणभणलं आणि खरं सांगते, एक क्षण त्या गर्दीत, घोड्याच्या मागे, मला केसाळ कोट दिसला. तीही नाचत होती.

मंडपात पोचलो. अंतरपाट धरला. भटजींनी पहिली मंगलाष्टकं म्हटली. मी मनात अक्षता मोजत होते. आता फक्त काही ओळी, आणि सील माझा! तेवढ्यात नवरीचे वडील, आबा, योगेशच्या शेजारी येऊन उभे राहिले. आबा माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नाही. त्यांची नजर खाली गेली.

"हाई मूठ कशानी शे?"

योगेश माझ्याकडे बघायला लागला.

"हाडूक शे का हाई?"

भटजी थांबले. बँडवाला, जो कोणासाठी थांबत नव्हता, तोही थांबला. "लग्नाच्या मांडवात हाड?" आबा पाऊलभर मागे सरले. "मन्ही पोर हाडकाले साक्षी ठेवीसन देऊ का मी?"

भाऊ माझ्याकडे वळला. आमचे हे माझ्या मागे उभे होते. कानात म्हणाले, "प्लास्टिक सांग. प्लास्टिक!"

किती सोपं होतं! एक शब्द आणि सगळं मिटलं असतं. तोंडापर्यंत आलाही. पण मला ती म्हातारी दिसली. बर्फात बसून, बोटं गारठलेली, महिनोन् महिने त्या शिंगावर एकेक मिशी कोरते आहे. तिच्या कामाला मी पोपटी सुरीच्या पंगतीला बसवू?

"आबा," मी म्हटलं, "प्लास्टिक नाही. हाडही नाही. शिंग आहे."

आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी सांगतच सुटले! बर्फ सांगितलं, कॅरिबू सांगितला, सील सांगितला. त्या देशात झाड नाही, लाकूड नाही, म्हणून शिंगाचीच मूठ होते हे सांगितलं. हरणाची शिंगं दरवर्षी आपोआप गळून पडतात आणि बाया ती वेचून आणतात, हे निखिलने मला सांगितलेलं सांगितलं. मुहूर्त टळायला आला होता. अंतरपाटापलीकडून नवरीचा आवाज आला, "आबा, लवकर ठरवा ना! हार धरून हात दुखायला लागलेत!"

आबा म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण ते गळालेलंच आहे, मारलेलं नाही, हे कशावरून?"

हे मी निखिलला कधी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून आबांचे थोरले काका, नाना, काठी टेकत उठले. नव्वदीचे असतील. तरुणपणी सातपुड्याच्या पायथ्याला गुरं चारायचे.

"आण आठे," नाना म्हणाले.

सुरी सोडायची नाही, म्हणून योगेशच सुरीसकट नानांपुढे वाकला. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, मूठ नाकाला टेकवली आणि धोतराच्या सोग्याने पात्यापाशी साचलेली हळद नि तेल पुसून काढलं. मूठ जिथे पात्याला भिडते तिथे फुलासारखी एक कंगोरेदार गोल कड होती. मला ती नुसती नक्षी वाटायची.

"हाई दख," नाना आबांना म्हणाले. "शिंग आपोआप झडस ना, तव्हळ बुडाले हाई अशी गोल कड ऱ्हास. मारेल जनावरना शिंगले कवटीनं हाडूक चिकटेल ऱ्हास. हाई झडेल शिंग शे." मग काठी आपटून म्हणाले, "मोर पीस टाकस, तसं हरीन शिंग टाकस. किस्ननी डोकावर पीस चालस, नि तुले शिंग चालत नही का रे?"

मांडव हसला. आबांनी कानाच्या पाळ्या धरल्या. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं एका दमात संपवली, अक्षता पडल्या, बँड सुरू झाला. मी सरळ योगेशकडे धावले. हात पुढे केला. त्याने सुरी माझ्या हातात दिली! लिंबू उपटून फेकलं. मूठ कायमची हळदी-पिवळी झाली होती, पण सील माझ्या हातात होता. मी डोळे मिटले. गालाला लावणार, एवढ्यात आबा समोर हात जोडून उभे.

"अक्का, मी मोठी चूक केली. इतक्या पवित्र वस्तूला हाड म्हणालो. कोणाला न मारता झालेली, एवढ्या लांबून आलेली. तुमच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला." त्यांचे डोळे खरंच भरले होते. "तुमच्याकडची रीत मला माहीत आहे, सुरीचं काय करायचं ते आम्ही ठरवायचं. ही आमच्या देव्हाऱ्यात राहील."

मी भाऊकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "अक्का तर खूश होईल!" आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "तरी सांगत होतो, प्लास्टिक म्हण."

काय करणार? दहा मिनिटं भर मांडवात मीच तर तिचं पावित्र्य गायलं होतं! आता घरी नेते म्हटलं असतं तर कोणत्या तोंडाने?

घरी आले, कपाट उघडलं. सीलच्या म्यानात ती पोपटी सुरी आरामात पडली होती. पुढून मिशीवाला सील, मागून पोपट. म्हणून साडेतीन म्हणते. ते म्यान अर्धं, बाकीच्या तीन पूर्ण.

भडगावला वर्षभरात दोनदा जाऊन आले, सीलला भेटायला. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी असतो, शेपटीला रोज गंध. हात लावू का म्हटलं तर आबा विचारतात, "अक्का, आंघोळ झाली का?" आणि परवा एरंडोलच्या एका लग्नात पाहिलं, बाया नवरदेवाच्या सुरीला रांगेने खोबरेल लावत होत्या. मी विचारलं, हे काय? एक सुनबाई म्हणाली, "आमच्यात पूर्वीपासून आहे. पाच वेळा. तुम्हाला नाही माहीत?"

निखिलला अजून काही सांगितलेलं नाही. त्याने फोनवर सुऱ्या दाखव म्हटलं की मी म्यानाची बाजू पुढे धरते.

या मे महिन्यातही दुपारी आडवी होते. गालाला काय लावणार? तीच, पोपटी. मला वाटलं होतं, प्लास्टिकला स्वप्न कुठलं पडणार! पण कापूस पडला. भुरुभुरु, तसाच. म्हातारी आली, शेजारी बसली, माझ्या हातातली पोपटी सुरी घेतली, अंगठ्याने धार पाहिली आणि बर्फाची एक वीट सपकन कापली.

"कितली मस्त चालस वो!" ती हरखून म्हणाली. "अक्का, हाई माले देशी का? तुले शिंगवाली देस."

जीव सुखावला. सील परत मिळत होता! हो म्हणायला तोंड उघडलं, आणि काय झालं माहीत नाही, मी सुरी पाठीमागे लपवली आणि म्हणाले, "नको माय. आता चारमधली ही एकच अशी आहे, जिने भाजी चिरता येते!"